परक्या घरातील अन्याय

१८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत जो अर्ज करण्यात आला, त्यात वेदविद्येचे थोर पंडित मॅक्स म्युलर यांचा पुढाकार होता. मुदत पुरी होण्यापूर्वीच, १८९८ मध्ये, टिळक सुटले. पुण्याच्या एका संपादकाशी आपला संबंध काय, असा प्रश्न त्या परदेशस्थ पंडिताने स्वतःस विचारला नाही. आम्हां मराठी माणसांवरील हे ऋण आठवले, म्हणजे परक्या देशातील गळचेपीविषयी बोलावे की बोलू नये, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे मात्र अवघड आहे. कारण म्युलर हे व्यक्ती म्हणून बोलले, आणि आज पुष्कळदा राष्ट्रांना बोलावे लागते. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची दैन्यावस्था भारताने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडली. ही आमची अंतर्गत बाब आहे, असे जनरल स्मट्स यांनी सांगितले. तरीही ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताच्या बाजूचा ठराव संमत झाला. त्या वेळी आपण पुरते स्वतंत्रही नव्हतो आणि अस्पृश्यतेचा कलंक आपल्या घरात होताच. म्हणून विजयालक्ष्मी पंडितांनी गप्प बसावयास हवे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. स्वतः निष्कलंक असल्यावाचून अन्यायाविरुद्ध बोलूच नये, असा नियम केला तर जगात बोलणारा कोणीच उरणार नाही.

पण १० वर्षांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, सोव्हिएट रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा सैन्य परत घ्यावे या ठरावावर भारत तटस्थ राहिला. आणि ९ नोव्हेंबरच्या, हंगेरीत राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुका व्हाव्यात असे म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिले. त्यामागे राजकारणाची कारणे होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु स्नेह्याचा अपराध दिसेनासा झाला, की शत्रूच्या अपराधाविषयीचे आपले बोलणेही हलके होते. अपुरेपणा क्षम्य आहे, दुटप्पीपणा नव्हे.

हेच माप घरीही लावले पाहिजे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने, परराष्ट्रांशी असलेले मैत्रीचे संबंध हे भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याचे एक कारण ठरविले. म्हणजे परक्या सरकारचा रोष टाळण्यासाठी स्वकीयाची लेखणी अडविता येते! हा अधिकार किती जपून वापरावयाचा, याचा विचार वकिलातीतील माणसाने करावयास नको काय?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण सरकारी सेवेत, घरापासून दूर आहेत. धोरण ठरविणे त्यांच्या हाती नसते आणि नोकरीच्या नियमांनी त्यांचे ओठही बांधलेले असतात. पण टिपण त्यांच्या हातचे असते. कोणत्या देशात कोणता संपादक तुरुंगात आहे, कोणते वृत्तपत्र बंद पडले, हे मित्रदेश असो वा नसो, सारख्याच शब्दांत लिहिणे हे त्यांना साधण्यासारखे आहे. वरिष्ठ ते मानतील की न मानतील. परंतु पुढे कोणी ती फाईल उघडील, तेव्हा तेथे निदान खरे लिहिलेले सापडावे, एवढी जबाबदारी आपलीच आहे, असे आम्ही समजतो.