नाटकातला मनपालट

नाताळ जवळ आला की आदिलाबादेकडील आपल्या मराठी मंडळ्यांत शब्बाथशाळेचे शिक्षक हौसेने नाटुकली लिहू लागतात. पुष्कळदा त्यांत एक दारुडा असतो. उपदेशक एक वचन वाचतो, दारुडा रडतो, बाटली फोडतो, पडदा पडतो. मुले टाळ्या पिटतात. मागे बसलेली एखाद्या दारुड्याची बायको मात्र गप्प असते. उद्याची सकाळ तिला ठाऊक असते.

१८९३ साली आगगाडीत एका अनोळखी साहेबाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. आमच्या नाटककाराने पडदा तेथेच पाडला असता! टिळकांनी मात्र वाचले, पारखले, आणि १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षे लागली. ‘स्मृतिचित्रे’त त्या आपला संताप, रडणे, सोवळे, काहीच झाकीत नाहीत. पतीकडे परतल्यावरही त्या सोवळे पाळीत. आधी कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली. म्हणून ते खरे वाटते.

कोणी म्हणेल, पौलाचे काय? तोही तीन दिवस आंधळा होता. आणि पुढे यरुशलेमेतील शिष्य त्याला भ्यालेच की! देवाचे काम खरे असता आपण त्याला खोट्या आसवांचा टेकू का द्यावा?

यंदा त्या दारुड्याला शेवटच्या प्रवेशात दुकानाची उधारी फेडू द्या. सगळी नको, थोडीच. आणि बायको अजून त्याच्याशी बोलत नाही, असे दाखवा.