ताटातलं आश्वासन

डुकराच्या मांसाचा रोस्ट आणि सोबत आंबट सफरचंदाची चटणी हा इंग्लंडमधला रविवारचा जुना बेत. कातडी पुसून कोरडी करायची, चिरा देऊन मीठ चोळायचं, आधी ओव्हनच्या कडक आंचेवर फुलवायची आणि मग आंच उतरवून मांस सावकाश भाजायचं. आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस झालं की बाहेर काढून निदान ३ मिनिटं हात लावायचा नाही. तोवर सफरचंद, कांदा आणि व्हिनेगर मंद आंचेवर शिजत राहतं. त्या आंबटपणामुळे चरबी जड वाटत नाही.

आता याच बेताला 'हार्मोनस्नेही' म्हणू लागले आहेत. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार, असलेल्या किंवा रजोनिवृत्तीकडे निघालेल्या बायकांना तो सुचवला जातो. त्यातलं खरं आधी मान्य करते. मांसात प्रथिनं भरपूर, ब-१ जीवनसत्त्वही चांगलं. चटणीत साखर बेताची आणि सफरचंद सालासकट असेल, तर अशा जेवणाने रक्तातली साखर झपाट्याने चढत नाही. पण २०२३ च्या पीसीओएसविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की अमुक एक आहार इतरांहून सरस असल्याचा पुरावा नाही. संतुलित खावं, आपल्याला झेपेल, रुचेल असं खावं.

डुकराचे हार्मोनच्या बाबतीत आपल्यावर खरे उपकार आहेत, ते वेगळेच. त्याचं इन्सुलिन हे हार्मोन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळं. १९८२ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात येईपर्यंत मधुमेहाचे असंख्य रोगी डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. तेही टोचूनच घ्यावं लागे, कारण पोटात गेलं की ते पचून जातं. इन्सुलिनचे संशोधक बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं. ज्यांच्या हाती खरोखर जीव वाचवणारी गोष्ट होती, त्यांचं हे वागणं मला फार मोठं वाटतं.

म्हणूनच हार्मोन ताळ्यावर येतील असं ताटाला चिकटवलेलं आश्वासन मला खुपतं. महिनाभर सांगितल्याप्रमाणे खाऊनही पाळी आली नाही, की पीसीओएस असलेली बाई स्वतःलाच बोल लावते. परवा लग्नात जिलबी खाल्ली, त्याचंच हे, असं तिला वाटतं. आश्वासन देणारा तेव्हा समोर नसतो. एका चांगल्या जेवणाची चव जाते आणि प्रत्येक घासाला परीक्षेचं रूप येतं. आजारी माणसाच्या मनावर असं ओझं टाकायचा अधिकार कुणालाच नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या १०० स्त्रियांपैकी ८ ते १३ जणींना पीसीओएस असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचं निदान झालेलंच नसतं. घरात अशी मुलगी असेल, तर आधी तिच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन बसावं. रोस्ट रविवारी करावा, तिला आवडत असेल तर.