भय आणि अभय

पैठणच्या जुन्या वस्तीतील गल्ल्या अरुंद आहेत. अशा एखाद्या गल्लीच्या तोंडाशी दांडगे कुत्रे बसलेले असावे आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला तेथूनच शाळेत जावयाचे असावे. दोन दिवस ते रडते. तिसऱ्या दिवशी हाती दगड घेऊन निघते. कुत्रे शेपूट घालून पळते. घरची माणसे म्हणतात, मूल निर्भय झाले.

वस्तुतः येथे भय नाहीसे झालेले नाही. ते मुलाकडून कुत्र्याकडे गेले, एवढेच. काया, वाचा, मने जी हिंसा टाळावयाची, तीत दुसऱ्या जीवाच्या ठायी भय उपजविणेही येते. मग या निर्भयतेला अभय कसे म्हणावे?

म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. पारध्यांनी कुत्री सोडली. ससा धावत येऊन सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या जानूतळी शिरला आणि कुत्री उभी राहिली. ससा होडेचा होता, म्हणून पारधी तो मागू लागले. प्रभूंनी शरण आलेल्याला दिले नाही. परंतु पारध्यांना शापही दिला नाही. त्यांची समजूत घातली. शेवटी सशाला आदराने निरोप दिला. या लीळेत सशाचे रक्षण सर्वांना दिसते. कुत्र्यांवर काठी उगारली गेली नाही, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सशाचे भय कोणाच्याही माथी न मारता निवाले.

मुलालाही हे शिकविता येते. पळणाऱ्याच्या मागे धावणे हा श्वानजातीचा स्वभाव. म्हणून पळू नये, डोळे रोखू नयेत, संथपणे बाजूने जावे. पिलांजवळच्या कुत्रीपासून दूर राहावे. पिसाळलेल्या कुत्र्यापुढे जाणे हे अभय नव्हे, अविवेक होय. चावा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्वरित लस टोचून घ्यावी. कारण त्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य सहसा वाचत नाही.

परंतु पुष्कळदा मुलाचे भय कुत्र्याने दिलेलेच नसते. “जेव, नाही तर कुत्रा येईल,” असे रोज ताटावर ऐकवणारी माणसे घरातलीच असतात. त्यांत नामधारक वासनिकही असतात, नित्य स्मरण करणारेही असतात. मुंगी चिरडू नये म्हणून ती पाऊल जपून टाकतात.