विधवेचे तेल आणि घराचा हप्ता



जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायाच्या आरंभी, एका विधवेची हकिगत आहे. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या मंडळीतला, देवाला भिणारा माणूस होता. तो वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. सावकार दाराशी आला. पैसे नाहीत तर दोन मुले गुलाम म्हणून नेणार, असे त्याने बजावले. बाई अलीशा संदेष्ट्याकडे धावली. घरात काय आहे, असे त्याने विचारले. एका बुधलीत थोडे तेल होते, बाकी काही नव्हते. शेजारपाजारहून रिकामी भांडी मागून आण, दार लावून घे आणि ओतत राहा, असे त्याने सांगितले. भांडी संपेपर्यंत तेल संपले नाही.

हा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकला आहे. पण चमत्कारानंतर काय झाले, तिकडे आपले लक्ष जात नाही. तेलाने भरलेली भांडी पाहून ती बाई स्वतःच्या मनाने काही करत नाही. ती परत संदेष्ट्याकडे जाऊन विचारते. तो तिला दोन गोष्टी सांगतो. पहिली, तेल विकून देणे चुकते कर. दुसरी, जे उरेल त्यावर तू आणि तुझी मुले उदरनिर्वाह करा. देवाने दिलेल्या त्याच तेलातून कर्जही फिटायचे होते आणि उद्याची भाकरीही निघायची होती. कर्ज फेड आणि मग उपाशी राहा, असे देवाने तिला सांगितले नाही.

आज या दोन गोष्टींवर आपण मिळून विचार करू या.

आपल्या भागात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, वरठीच्या पोलाद कारखान्यात, गडेगावच्या वाहन कारखान्यात, तुमसरकडच्या मॅंगनीज खाणींत, शाळांत आणि दवाखान्यांत नोकरी करणारी कितीतरी कुटुंबे आहेत. बहुतेकांनी घर बांधले ते बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जावर. घराला आशीर्वाद द्यायला धर्मगुरू जातात तेव्हा भिंतींना नवा रंग असतो, संत योसेफाची तसबीर लावलेली असते आणि चहा पिता पिता घरधनी हळूच म्हणतो, “फादर, अजून अठरा वर्षे हे घर बँकेचंच आहे.” तो हसत म्हणतो, पण त्याच्या बायकोला हसू येत नाही.

अशा घरात एक प्रश्न नेहमी निघतो. बोनस आला, थकबाकी मिळाली किंवा धानाचे पैसे हातात आले, तर ते कर्जात भरून लवकर मोकळे व्हावे, की म्हातारपणासाठी बाजूला ठेवावेत? नवरा एक म्हणतो, बायको दुसरे. कधी कधी यावरून अबोलाही होतो.

लवकर मोकळे होण्याची इच्छा चांगली आहे. प्रेमाखेरीज कोणाचेही काही देणे शिल्लक ठेवू नये, असे संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात शिकवतो. घेणारा देणाऱ्याचा गुलाम होतो, हे नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो. तिथे संत मत्तयाने जो मूळ ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा अर्थच ‘ऋणे’ असा होतो. ऋण म्हणजे मनावरचे ओझे, हे प्रभू जाणत होता. आपल्या सातबाऱ्यावरसुद्धा कर्जाच्या नोंदीला ‘बोजा’ म्हणतात. शब्द किती खरा आहे!

आता हिशेब पाहा. बुरूज बांधू पाहणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभू येशू लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. तेव्हा हिशेब करणे हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे. समजा, दहा लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे ९,००० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून जेमतेम दीड हजार कमी होतात. वीस वर्षांत व्याजच साडेअकरा लाखांच्या वर होते. याच हप्त्यात पहिल्या महिन्यापासून दरमहा १,००० रुपये जादा भरले, तर कर्ज साधारण साडेपंधरा वर्षांत संपते आणि सुमारे तीन लाख रुपये व्याज वाचते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते असे.

बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकांनी दंड घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये दिला. त्यामुळे भीती बाळगू नका. मात्र जादा रक्कम भरताना मुदत कमी करायची की हप्ता, हे बँकेला लेखी कळवा. मुदत कमी केली तर व्याज अधिक वाचते. व्याजावर करात सवलत मिळते म्हणून कर्ज राहू द्या, असा सल्ला कोणी देईल. पण नव्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला ती सवलत नाही. आपण कोणत्या रचनेत आहोत ते आधी पाहा.

इथपर्यंत संदेष्ट्याची पहिली गोष्ट झाली. आता दुसरी.

काही जण कर्ज फेडण्याच्या जिद्दीपायी बाकी सगळे बंद करतात. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून कर्जात भरतात. आजारपणासाठी चार पैसे शिल्लक ठेवत नाहीत. गणित करून कोणी म्हणेल, कर्जाचे व्याज ९ टक्के आणि ठेवीवर ८ टक्के मिळत असतील, तर कर्ज आधी फेडणेच फायद्याचे. कागदावर ते बरोबर आहे. वरच्या उदाहरणात कर्ज फिटल्यावर उरलेली साडेचार वर्षे तो सगळा हप्ता इमानदारीने साठवला, तर साडेसहा लाखांच्या जवळपास जमतात. तेच हजार रुपये कर्जात न भरता वीस वर्षे ८ टक्क्यांनी साठवले, तर सहा लाखांच्या थोडे आत राहतात. फरक फार मोठा नाही आणि तो मिळण्यासाठी एक अट आहे. कर्ज फिटलेल्या महिन्यापासून पूर्ण हप्ता साठवला पाहिजे. आपल्यापैकी किती जण तसे करतील? हप्ता सुटला की गाडी येते, लग्न येते, पुन्हा नवे कर्ज येते. आणि घराच्या भिंती विकून दर महिन्याला औषधे आणता येत नाहीत.

आपल्या वडिलांच्या पिढीला सरकारी नोकरीत निवृत्तीवेतनाची खात्री होती. केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ पासून आणि राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांसाठी ती जुनी व्यवस्था बदलली. खाजगी कारखान्यातल्या कामगारांसाठी १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिची किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरवण्यात आली. यावरून कळते की उतारवयाची तरतूद आपली आपणच करायची आहे. मिस्त्री, शिलाईकाम करणाऱ्या भगिनी, छोटे दुकानदार यांना तर कोणतीच पेन्शन नाही. त्यांच्यासाठी टपाल कार्यालय किंवा बँकेतला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आहे. वर्षाला ५०० रुपये भरूनही हे खाते चालू ठेवता येते. १८ ते ४० वयाच्या आणि आयकर न भरणाऱ्यांसाठी २०१५ पासूनची अटल पेन्शन योजनाही आहे.

मुले आहेत ना, ती बघतील, असे आपण म्हणतो. मुलांनी आईवडिलांना सांभाळावे ही देवाची आज्ञाच आहे. पण त्या विधवेच्या गोष्टीत बापाच्या कर्जापायी मुले गुलाम होणार होती, हे विसरू नका. स्वतःची काहीच तरतूद न करता सगळा भार मुलांवर टाकणे, हेही त्यांना एका परीने गहाण ठेवणेच आहे.

आपला जिल्हा तळ्यांचा. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव आपण रोज पाहतो. धानाला पाणी हवे म्हणून तुडूम उघडतात. पण पहिल्याच आठवड्यात सगळे तळे कोणी रिकामे करत नाही. धान गर्भात येईल तेव्हा पाऊस दगा देऊ शकतो, म्हणून पाणी राखले जाते. कर्जाचे शेत भिजवायचे आहेच, पण शेवटच्या पाण्याची सोय ठेवून. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखले ते याच शहाणपणाने.

मात्र साठवण्याचीही एक मर्यादा आहे. लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत माणूस कोठारे वाढवत बसला आणि त्याच रात्री त्याचा प्राण गेला. त्याने धान्य साठवले हा त्याचा दोष नव्हता. त्याच्या सगळ्या बेतात देव नव्हता आणि शेजारीही नव्हता, हा दोष होता. तसेच मार्कच्या सातव्या अध्यायात, देवाला अर्पण केले आहे असे सांगून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना प्रभू खडसावतो. धर्माचे निमित्त पुढे करूनही जे कर्तव्य टाळता येत नाही, ते बँकेचे निमित्त पुढे करून कसे टाळता येईल? “कर्ज फिटू दे, मग आईच्या डोळ्यांचं बघू,” असे म्हणणाऱ्याला मी इतकेच विचारीन, कर्ज फिटेपर्यंत आई थांबेल का? आणि मोतीबिंदू थांबेल का?

मग करावे काय? घरात नवराबायकोने एकदा प्रार्थना करून कागद-पेन घेऊन बसावे. सर्वांत महाग व्याजाची देणी, म्हणजे वैयक्तिक कर्ज, सोनेतारण, खाजगी सावकाराचे पैसे, आधी संपवावीत. चार-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवावा. निवृत्तीसाठीची रक्कम, मग ती लहान का असेना, दर महिन्याला न चुकता भरावी आणि भविष्य निर्वाह निधीला हात लावू नये. घरातल्या वृद्धांचे औषधपाणी आणि गरिबासाठीचा वाटा यांना कात्री लावू नये. एवढे करून जे उरेल, बोनस असो की पिकाचे पैसे, ते खुशाल घरकर्जात भरावे. निवृत्तीच्या दिवशी हप्ता शिल्लक नसेल, इतके तरी जरूर साधावे, कारण पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही.

आणखी एक विनंती, विशेषतः भावांना. आपल्यावर किती कर्ज आहे, विमा आहे की नाही, कागद कुठे आहेत, वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे बायकोला सांगून ठेवा. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि सकाळी डबा घेऊन गेलेले काही बांधव घरी परतले नाहीत. तो दिवस आपल्या जिल्ह्यातील कोणीही विसरणार नाही. आपला दिवस आपल्याला ठाऊक नसतो. नवरा गेल्याचे दुःख पुरेसे असते. त्यात न सांगितलेल्या कर्जाची भर नको.

कर्ज फिटले की तिथेच थांबू नका. घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे बँकांना बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. बोजा कमी केल्याची नोंदही करून घ्या.

शेवटी त्या विधवेच्या शेजाऱ्यांची आठवण करू या. त्यांनी भांडी दिली नसती तर तेल कशात भरले असते? ख्रिस्तसभेने हे काम पूर्वीपासून केले आहे. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन मठवासीयांनी गरिबांना अल्प व्याजाने पैसे मिळावेत म्हणून तारणपेढ्या काढल्या. १९१८ मध्ये वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी तत्त्वावर सुरू झालेली संस्था आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून उभी आहे. कष्टकऱ्याला इतके वेतन मिळावे की काटकसर करून त्याची थोडी मालमत्ता व्हावी, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात शिकवले. आपल्या धर्मग्रामातही कोणी बँकेत काम करतात, कोणी हिशेबात हुशार आहेत. त्यांनी मिस्सानंतर अर्धा तास एखाद्या कुटुंबाचा कागद पाहून दिला, तर तेही शेजाऱ्याला दिलेले रिकामे भांडेच ठरेल.

चला, या रविवारी आपल्या घरातली ती लहानशी तेलाची बुधली प्रभूसमोर ठेवू या. देणे इमानाने फेडण्याची शक्ती आणि उरलेल्यात समाधानाने जगण्याची कृपा त्याच्याकडे मागू या. नाझरेथच्या घराचा पोशिंदा संत योसेफ आपल्या प्रत्येक घरासाठी विनंती करो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.