खेळांतील चोरी

मनुष्याची पारख त्याच्या कामावरून होते, असें सामान्यतः मानतात. परंतु कामाच्या वेळीं मनुष्यावर पुष्कळांचे डोळे असतात. वरिष्ठांचे असतात, शेजाऱ्यांचे असतात, कायद्याचे असतात. खेळ मात्र आपण आपल्या सुखासाठीं खेळतों, आणि त्यांत घडलेलें बरेंवाईट खेळाबरोबरच संपतें, अशी आपली समजूत असते. धर्मराज द्यूतास बसला तेव्हां त्यालाहि आरंभीं तो खेळच वाटला असेल. पण तेथें पणास लागलेलें राज्य खरें होतें व द्रौपदीहि खरी होती, म्हणून तें उदाहरण येथें पुरें पडत नाहीं. आमचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्या खेळांत धन खोटें, दुकान खोटें आणि दुकानदारहि खोटा, त्या खेळांत केलेली चोरी ही चोरी होय कीं नव्हे? हा प्रश्न आम्हांस एखाद्या ग्रंथांतून सुचला असता, तर त्यावर आम्हीं मोठ्या निःपक्षपातानें लिहिलें असतें. दुर्दैवानें ती चोरी आम्हीं स्वतः केली आहे.

हकीकत अशी आहे. हातांत धरून खेळावयाच्या यंत्रांवरील साहसाच्या व्हिडिओ गेमांचें परीक्षण याच पृष्ठांसाठीं लिहिण्याचें आम्हीं मागें कबूल केलें होतें. त्यासाठीं आमच्या भाचीनें, रेणूनें, आपल्या वडिलांचा जुना गेमबॉय आम्हांस दिला. हें यंत्र जपानच्या निंटेंडो कंपनीनें १९८९ सालीं काढलें. तें चार पेन्सिल-सेलांवर चालतें. त्याच्या पडद्यावर रुंदींत १६० व उंचींत १४४ ठिपके, आणि छटा अवघ्या चार. यंत्रांत 'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग' या खेळाचें कार्ट्रिज होतें. हा खेळ १९९३ त निघाला, १९९८ त त्याची रंगीत आवृत्ति आली, आणि २०१९ त स्विच या यंत्रासाठीं तो नव्यानें घडविण्यांत आला.

कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. वादळांत सांपडलेला नायक कोहोलिंट नांवाच्या बेटाच्या किनाऱ्यास लागतो. मारिन नांवाची मुलगी त्यास वाळूवरून उचलून घरीं आणते. बेटाच्या डोंगरमाथ्यावर एक प्रचंड अंडें आहे व त्यांत 'विंड फिश' झोंपला आहे. आठ वाद्यें मिळवून त्यास जागें केल्यावांचून नायकास बेट सोडतां येत नाहीं. बराच खेळ झाल्यावर एका मंदिरांतील लेखावरून कळतें कीं, हें बेट, त्यावरचीं माणसें आणि मारिनहि त्या निद्रिस्ताचें स्वप्न आहे. तो जागा होईल तेव्हां सर्व नाहींसें होईल.

या खेळांत तीन जणांचे खेळ निरनिराळे जतन करण्याची सोय आहे. पहिल्या जागीं रेणूचा खेळ अर्धा झालेला होता, आणि नायकास तिनें आपलेंच नांव दिलें होतें. नांवासाठीं पांचच रोमन अक्षरें मिळतात, त्यांत तें सहज बसलें होतें. मुदत जवळ आली होती. वेळ वांचावा म्हणून आम्हीं नवा डाव न मांडतां तिचाच पुढें चालविला. त्यास तिची ना नव्हती.

बेटावरील गांवांत एक दुकान आहे. तेथील चलन रत्नांचें, व त्यास आपल्या रुपयाशीं मिळतें असें 'रुपी' हें नांव आहे. फावडें २०० रुपींस मिळतें; तें रेणूनें आधींच विकत घेतलें होतें. धनुष्याची किंमत मात्र ९८०, आणि पिशवींत ९९९ हून अधिक रुपी मावतच नाहींत. गवत कापीत, राक्षस मारीत हिंडावें, तेव्हां थोडें थोडें धन हातीं लागतें. दुकानदाराची नजर सारखी आपल्यावर असते. वस्तु उचलून दाराकडे जाऊं लागलें तर तो अडवितो. पण त्याच्याभोंवतीं चपळाईनें फेरी मारल्यास त्याची मान वळण्यापूर्वीं बाहेर निसटतां येतें. आम्ही निसटलों. तत्क्षणीं पडद्यावर अक्षरें उमटलीं, आणि माल तर फुकट मिळाला, पण याचा अभिमान वाटतो काय, असें खेळानें आम्हांस विचारलें. आम्ही हंसलों, चारी कळा एकदम दाबल्या आणि खेळ जतन केला.

त्यानंतर बेटावरचा प्रत्येक मनुष्य नायकास 'थीफ', म्हणजे चोर, या नांवानें हांक मारूं लागला. पुढें त्याच दुकानांत आम्हीं पाऊल टाकलें, तों दुकानदारानें जागच्या जागीं नायकाचा प्राण घेतला. हा खेळ मरणांची मोजदाद ठेवतो. एकदांहि न मरतां जो शेवटास पोंचतो त्यास मारिनचें एक अधिक दृश्य दिसतें. रेणू तोंवर एकदांहि मेली नव्हती.

परीक्षण वेळेवर छापून आलें. धनुष्यासाठीं रुपी सांठविण्याचें काम रटाळ असून तो या खेळाचा मोठा दोष होय, असें आम्हीं त्यांत लिहिलें. तें काम आम्हीं केलेंच नव्हतें. यंत्र परत गेल्यावर चार दिवसांनीं रेणूनें विचारलें, "मामा, सगळे मला चोर का म्हणतात?" आम्हीं म्हटलें, "चुकून काही दाबलं गेलं असेल." ती कांहीं बोलली नाहीं. त्या दुकानांतून चुकून बाहेर पडतां येत नाहीं, हें बारा वर्षांच्या मुलीस पक्कें ठाऊक होतें.

आतां आमच्या बाजूनें जेवढें बोलतां येईल तेवढें बोलून पाहूं. पहिला आक्षेप असा कीं, कीचकाचें सोंग घेणाऱ्या नटास कोणी पापी म्हणत नाहीं. मग चोराचें सोंग घेणाऱ्या खेळाडूस कां म्हणावें? परंतु नटाचें कृत्य नाटककारानें आधींच ठरविलेलें असतें. कीचकाची भूमिका करणाऱ्यास सैरंध्रीची क्षमा मागून घरीं जातां येत नाहीं. खेळाडूपुढें दोन्ही वाटा मोकळ्या असतात. ९८० रुपींची वाट आम्हांस कोणीं बंद केली नव्हती. दुसरा आक्षेप असा कीं, चोरीची सोय खेळ रचणाऱ्यांनींच ठेविली आहे, तेव्हां तिला त्यांची संमति आहे. पण जें शक्य आहे तें सर्व संमत आहे असें मानलें, तर जगांत निषिद्ध असें कांहींच उरणार नाहीं. आणि येथें तर रचणाऱ्यांनीं आपलें मत नायकाच्या नांवावर लिहून ठेविलें आहे.

तिसरा आक्षेप मात्र बळकट आहे. दुकानदारास दुःख झालें नाहीं, कारण दुःख होण्यास तो कोठें अस्तित्वांतच नाहीं. हें आम्ही मान्य करतों. काय होतें तें पाहूं या, अशा कुतूहलानें जो चोरी करतो, आणि चोर हें नांव शेवटपर्यंत आपल्याच माथीं वागवितो, त्यास आम्ही मुळींच दोष देणार नाहीं. त्याचें कृत्य खेळांत झालें व खेळांतच राहिलें. आमचें तसें झालें नाहीं. चोरीनें जो वेळ वांचला तो आम्हीं खेळाबाहेर आणला. त्याच्या जोरावर परीक्षण वेळेवर दिलें व परीक्षकाचा मान घेतला. चोर हें नांव मात्र आम्हीं खेळांतच ठेविलें, आणि तेंहि एका मुलीच्या नांवाच्या जागीं. आमच्या मतें खऱ्याखोट्याची सीमा येथें आहे. खेळांतील कृत्याचा लाभ बाहेर नेला आणि त्याचा डाग आंत सोडला, कीं तें कृत्य खरें होतें.

कोणी म्हणेल, या खेळांत मागें जातां येतें. तेव्हां डाग पुसणें हातचेंच आहे. मागें जाण्याचा हा मोह खेळाडूंस किती मोठा असतो, हें 'फायर एम्ब्लेम' या मालिकेवरून दिसतें. लढाईंत पडलेला सोबती पुन्हां उठावयाचा नाहीं, असा तिचा १९९० च्या पहिल्या खेळापासूनचा नियम. पण पुष्कळ खेळाडू सोबती पडतांच यंत्र बंद करतात आणि तो अध्याय पहिल्यापासून खेळतात; शेवटीं २०१० पासून कर्त्यांनींच पडलेले सोबती परत येतील असा सौम्य प्रकार देऊं केला. उलट २०१५ त निघालेल्या व पुढें हातांतील यंत्रांवरहि आलेल्या 'अंडरटेल' मध्यें आरंभीं एक ममताळू स्त्री आपला सांभाळ करते. तिला मारून, मागाहून पस्तावून, मागच्या जागेवरून पुन्हां खेळून तिला वांचविलें, तरी एक दुष्ट फूल पुढें भेटतें आणि तुम्ही आधीं काय केलें तें मला ठाऊक आहे, असें बजावतें. त्या फुलाचें म्हणणें खरें आहे. मागें गेल्यानें कृत्य जगांतून पुसलें जातें. करणाऱ्यांतून पुसलें जात नाहीं. म्हणूनच आपल्या पूर्वजांनीं पापावर प्रायश्चित्त सांगितलें. प्रायश्चित्त घेणारा झालें तें झालें असें प्रथम कबूल करतो.

राहतां राहिली स्वप्नाची सबब. तें बेटच स्वप्नांतलें. तेथील चोरी म्हणजे खोट्यांतलें खोटें. पण आमच्या लोकांस स्वप्नाविषयीं एक कथा फार दिवस ठाऊक आहे. हरिश्चंद्रानें विश्वामित्रास राज्य दिलें तें स्वप्नांत, असें कीर्तनांतून आपण ऐकत आलों. जागा झाल्यावर, स्वप्नांतलें बोलणें तें काय धरावयाचें, असें तो म्हणता तर त्यास कोणी हंसलें नसतें. त्यानें स्वप्नांतलें ऋण जागेपणीं फेडलें. आम्हीं स्वप्नांतला नफा जागेपणीं खर्चिला. दोहोंतील अंतर सांगण्यास शास्त्रार्थ नको.

परीक्षकाचा अपराध यांत दुहेरी आहे. पुस्तकाचीं पानें चाळून अभिप्राय देणारा परीक्षक वाचकाचा थोडा वेळ व थोडे पैसे धोक्यांत घालतो. भूमिका घेऊन खेळावयाचे हे खेळ कधीं कधीं पन्नास-साठ तासहि घेतात, आणि ते तास खर्चावे कीं न खर्चावे हें पुष्कळजण आमच्यासारख्यांच्या शब्दावर ठरवितात. अशा परीक्षकानें सगळें आवडलेंच पाहिजे असें नाहीं; सर्व खेळ संपविलाच पाहिजे असेंहि आम्ही म्हणत नाहीं. पण जें केलें नाहीं त्याचा निकाल देऊं नये, आणि जें केलें तें कसें केलें हें लपवूं नये.

एके दिवशीं आम्हीं रेणूस खरें सांगितलें. ती म्हणाली, "माहीत होतं. आता एकदा पैसे देऊन घ्या." तिसऱ्या जागीं आम्हीं आमच्या नांवानें नवा डाव मांडला. पुढें धनुष्याची वेळ आली, तेव्हां ९८० रुपी जमविण्यास सहा संध्याकाळ लागल्या. त्यांतील दोन खरोखर कंटाळवाण्या गेल्या, हें नमूद केलें पाहिजे. उरलेल्या चार संध्याकाळीं आम्ही गवत कापीत त्याच त्याच वाटांनीं हिंडलों, आणि त्या हिंडण्यांत बेट ओळखीचें झालें. चेंडू खेळणारीं मुलें, अंगण झाडणारी आजी, समोर बोलण्यास लाजणारा आणि टेलिफोनवर भरभरून बोलणारा म्हातारा, गात उभी असलेली मारिन, हीं सर्व जाण्यायेण्याच्या वाटेवरचीं माणसें झालीं. शेवटीं अंड्यापाशीं उभें राहून वाद्यें वाजविण्याची वेळ आली, तेव्हां अंगठा कळेवर थांबला. हीं माणसें आतां राहणार नाहींत, हें प्रथमच मनास लागलें. चोरीच्या धनुष्यानें आम्ही त्या जागीं अधिक लौकर पोंचलों असतों. पण तेथें पोंचून नाहींसें होण्यासारखें आमच्यापाशीं कांहींच नसतें. ज्यास आम्हीं खेळाचा दोष म्हटलें तो त्याच्या शेवटाचा पाया होता.

तेव्हां मागील परीक्षणांतील तो अभिप्राय आम्ही परत घेतों. रेणूचा पहिला डाव अजून कार्ट्रिजमध्यें तसाच आहे. नायकाचें नांव चोर, मरण एक. ती म्हणते, तोहि डाव ती कधीं तरी शेवटास नेणार आहे. पुसावयाचा असेल तर ती पुसेल. आम्ही त्यास हात लावणार नाहीं.