मुंगीचे कोठार

मननासाठी : नीतिसूत्रे ६:६-८, करिंथकरांस दुसरे पत्र ९:६



गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या पंचांच्या सभेत सुगीच्या सणाच्या दानाचा प्रश्न निघाला. एका विधवा भगिनीने मुलाच्या ऑपरेशनसाठी मदत मागितली होती. इकडे आवाराची भिंत कलली होती. त्या वेळी शलमोनाच्या मुंगीचा दाखला देऊन सगळी रक्कम बँकेत ठेवायला लावणारे आम्हीच होतो. ठराव एकमताने पास झाला. वचन आम्हांला पाठ होते, पण मुंगी आम्ही कधी वाकून पाहिली नव्हती.

ती पाहिली होती साईक्स नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, आणि तीही पुण्यात. युरोपातील पुष्कळ विद्वान त्या काळी म्हणत की मुंगी धान्य साठवतच नाही, शलमोनाची चूक झाली. त्यांच्या थंड मुलखातल्या मुंग्या खरोखरच साठवत नाहीत. पण १८२९ च्या जून महिन्यात सकाळी फिरताना साईक्सला कवायतीच्या मैदानाजवळ गवताच्या बियांचे वीसाहून अधिक ढीग दिसले, प्रत्येक सुमारे मूठभर. शेकडो मुंग्या जमिनीखालून बी वर आणीत होत्या. पावसाने कोठार भिजले असावे, म्हणून पहिले ऊन पडताच त्यांनी ते वाळत घातले, असे त्याने अनुमान केले. तो साठा जानेवारी-फेब्रुवारीत, गवताचे बी पिकते तेव्हा केलेला असणार. दाणा ओला राहिला तर बिळातच मोड येतात किंवा तो कुजतो.

या मुंगीला त्याने ‘पुढचे पाहणारी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. आज शास्त्रज्ञ तिला ‘फायडोली’ या गणात घालतात. जगभर या गणाच्या हजाराहून अधिक जाती आहेत. पुष्कळशा जमिनीत घर करतात. साध्या कामकरी मुंग्या दोन-तीन मिलिमीटरच्या, आणि त्यांच्यातच काही मोठ्या डोक्याच्या. बी खाणाऱ्या जातींत या डोकेवाल्या आपल्या बळकट जबड्यांनी कठीण बी फोडून देतात. ते सगळ्या वारुळाच्या कामी येते. (रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी मुलांना बाहेर नेऊन बिळाच्या तोंडाशी टरफलांचा कचरा दिसतो का ते पाहावे. फळ्यावरच्या चित्रापेक्षा ते बरे.)

फायडोली हे नाव काटकसरी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पण त्याच धातूचा शब्द पौल करिंथकरांस लिहिताना वापरतो, हात राखून पेरणाऱ्याविषयी. आणि तेथे तो इशारा आहे. रोमकरांस पत्रात (८:३२) तेच क्रियापद पुन्हा येते : देवाने स्वतःच्या पुत्राच्या बाबतीत हात राखला नाही. आम्ही सभेत मुंगीची काटकसर तेवढी सांगितली. पौलाची ही दोन स्थळे आमच्या ओठांवर आली नाहीत.

यहूद्यांच्या मिश्ना या ग्रंथात शेतातल्या मुंग्यांच्या बिळांचा नियम आहे. कापणी करणारे पुढे गेल्यावर बिळातले वरचे धान्य गरिबांचे, खालचे मालकाचे. रब्बी मेईर मात्र म्हणतात, सगळेच गरिबांचे. कारण सरवा आहे की नाही असा संशय आला, तर तो सरवाच धरावा. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचीत होती, हे आपण जाणताच. मुंगीने साठवलेल्या दाण्यातही गरिबाचा वाटा शोधणारे लोक होते, आणि आम्ही मुंगीचे नाव घेऊन विधवेला परत पाठवले.

त्या भगिनीने शेवटी कर्ज काढले. मुलगा आता बरा आहे, देवाची स्तुती असो. भिंतही अजून उभी आहे. पुढल्या सभेत तो ठराव पुन्हा घ्यावा, अशी विनंती आम्ही पाळकसाहेबांना लेखी केली आहे. तिच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत.