हृदयाची प्रतिमा आणि अनायास मरण

देवदर्शन झाल्यावर देवळाच्या पायरीवर क्षणभर टेकावे आणि मरण अनायास यावे, जिणे लाचारीचे नसावे, असे मागणे देवापाशी मागावे, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. झोपेतच, कोणास कष्ट न देता गेलेल्या माणसाविषयी 'पुण्यवान होता' असे उद्गार आपण सहज काढतो. वैद्यकशास्त्र अशा पुष्कळशा मरणांचे कारण हृदयाचा ताल बिघडणे हे सांगते. आणि आज ते शास्त्र असा बिघाड कोणाच्या हृदयात संभवतो, हे संगणकावर आधीच पाहू लागले आहे. जे मरण आपण देवाजवळ मागतो तेच टाळण्याचा उपाय कोणी पुढे केला, तर तो घ्यावा की नाकारावा? हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. तो धर्मविचाराचा आहे, म्हणून त्याचा ऊहापोह येथे करावयाचे योजिले आहे.

हृदयाचा प्रत्येक ठोका हा मुळात एक विद्युत्‌संदेश होय. हृदयाच्या उजव्या बाजूस वरच्या कप्प्यातील एका लहानशा पेशीसमूहातून तो निघतो, ठरलेल्या वाटेने खाली उतरतो, आणि सारे स्नायू क्रमाने आकुंचन पावतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेला की स्नायूचा काही भाग मरतो व तेथे व्रण राहतो. संदेश त्या व्रणाला वळसा घालून मूळ जागी परतला आणि तेथील स्नायू नव्या संदेशास पुन्हा सिद्ध झालेला असला, तर तो तसाच गरगर फिरत राहतो. मग ताल सुटतो, हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे सरकत नाही, आणि काही मिनिटांत सर्व आटोपते.

या गोंधळाला गणितात बांधण्याचा उद्योग जुना आहे. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूतील विद्युत्‌प्रवाहाची समीकरणे मांडली. तीच वाट धरून डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये हृदयपेशीची समीकरणे लंडनच्या एका संगणकावर सोडविली. आज रोग्याच्या हृदयाची एमआरआय चित्रे घेऊन, त्यांतील व्रणासह, त्याच्याच हृदयाची प्रतिमा संगणकात उभी करता येते. तिला निरनिराळ्या जागी विद्युत्‌आघात देऊन वादळ उठते की नाही हे पाहिले जाते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नतालिया त्रायानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४१ रोग्यांच्या बाबतीत ही रीत पडताळून पाहिली, तेव्हा प्रचलित कसोट्यांपेक्षा तिचे भाकीत सरस ठरले. प्रचलित कसोटी स्थूल आहे. डावा कप्पा प्रत्येक ठोक्यास आपल्यातील रक्तापैकी शेकडा ३५ किंवा त्याहून कमी भाग बाहेर टाकीत असेल, तर छातीत झटका देणारे यंत्र बसवावे, असा साधारण दंडक आहे. माणसाच्या शरीरात हे यंत्र प्रथम १९८० मध्ये बसविले गेले. ते बसविलेल्या कित्येकांना त्याचा झटका कधीच लागत नाही, आणि दंडकाबाहेर राहिलेले कित्येक अकस्मात जातात. तेव्हा अधिक नेमक्या प्रतिमेची गरज आहे, यात शंका नाही.

सुरतेत राहणाऱ्यास ही रीत परकी वाटू नये. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते येथे, वराछा-कतारगामच्या कारखान्यांत. मौल्यवान कच्चा हिरा घंटीवर चढण्याआधी आता यंत्रात जातो. यंत्र त्याचा आकार मोजते, आतील डाग आणि भेगा टिपते, आणि पडद्यावर त्याची प्रतिमा उभी करते. दगड कोठे कापला असता किती वजन हाती राहील आणि कोणता दोष निघून जाईल, हे अनेक पर्यायांनी पाहून मगच लेसर चालतो. कापलेला हिरा पुन्हा सांधत नाही. म्हणून चुकायचे ते प्रतिमेवर चुकून घ्यावे, हे त्यातील शहाणपण होय.

परंतु हिऱ्याला संमती विचारावी लागत नाही. तेथे मालक वेगळा आणि हिरा वेगळा; चूक झाली तर मालक तिची किंमत पैशाने भरतो. हृदयाच्या बाबतीत ती किंमत ज्याचे हृदय त्यालाच भरावी लागते. शिवाय भाकीत ऐकून हिरा बदलत नाही, माणूस बदलतो. लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे कापडधंद्याच्या आधारावर राहतात. त्यांतील चाळिशीच्या एखाद्या कामगारास 'तुमचे हृदय केव्हाही थांबेल' असे यंत्राने सांगितले, तर त्याची नोकरी, मुलीचे लग्न, काही लाखांच्या यंत्राचा खर्च आणि रात्रीची झोप, सारेच त्या एका वाक्याने हलते. आणि आपली माणसे या रोगाला लवकर बळी पडतात. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सुमारे ५३ व्या वर्षी, तर अन्य देशांतील लोकांना सुमारे ५९ व्या वर्षी येतो, असे आढळले. परक्या हृदयांवर पारखलेले गणित आपल्या हृदयांवर पुन्हा पारखून घेणे, हा म्हणूनच केवळ शास्त्राचा काटेकोरपणा नसून न्यायाचा प्रश्न आहे.

प्रतिमा सुधारली म्हणजे माणूस सुधारला, असे मानण्याचा अनर्थ एकदा घडून गेला आहे. झटक्यानंतर ज्यांच्या आलेखात जादा ठोके दिसत, त्यांना ते ठोके दाबणारी औषधे देत. तर्क सरळ होता आणि आलेखही सुधारत असे. अमेरिकेत या औषधांची रीतसर परीक्षा झाली, तेव्हा एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रोग्यांपैकी ६३ दगावले, आणि औषधासारख्या दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या घेणाऱ्या ७४३ पैकी २६. १९८९ मध्ये ती औषधे थांबवावी लागली. आलेख शांत झाले होते. माणसे मात्र अधिक मरत होती.

प्रतिमेशी कसे वागावे, हे आपल्या परंपरेला मुळात ठाऊक आहे. भाद्रपदात आपण मातीची मूर्ती आणतो, प्राणप्रतिष्ठा करून तिची मनोभावे पूजा करतो, आणि ठरल्या दिवशी तिचे विसर्जन करतो. पूजेत उणेपणा नसतो आणि विसर्जनात अनादर नसतो. संगणकातील हृदयालाही हाच न्याय लावावा : काम असेतो तिचा पूर्ण मान ठेवावा, आणि नवे सत्य पुढे येताच तिला मोह न धरता निरोप द्यावा.

कायद्याची शिकवणही निराळी नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमाने तज्ज्ञाचे मत पुरावा म्हणून ग्राह्य धरले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमातही तेच तत्त्व आहे. मत ग्राह्य असते, पण न्यायाधीशावर ते बंधनकारक नसते. येथे न्यायाधीशाच्या आसनावर रोगी बसलेला असतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की, उपचाराचे स्वरूप, त्यातील धोका आणि अन्य पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी, आणि तपासणीस दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे.

यावर कोणी म्हणेल, यंत्र डॉक्टरांहून अधिक वेळा बरोबर ठरू लागले, तर त्याचे न ऐकणे हा हट्टच नव्हे काय? साक्षीदार जितका विश्वासू, तितके त्याचे म्हणणे टाळणे दोषास्पद, हे आम्हांस मान्य आहे. पण साक्षीदार 'काय होईल' एवढेच सांगतो. 'काय व्हावे' याचे उत्तर समीकरणात नाही. देवापाशी मागितलेले अनायास मरण हे मरणाच्या रीतीविषयी आहे, वेळेविषयी नाही. चाळिशीच्या गृहस्थाने ते कारण सांगून यंत्र नाकारले, तर तो त्या मागणीचा उत्तरार्ध विसरला असे होईल. कारण त्याच्यामागे त्याची मुले लाचार होतील. ऐंशी वर्षांच्या, कृतार्थ, अनेक व्याधींनी थकलेल्या वृद्धेने मात्र 'मला अकस्मातच जाऊ द्या' असे म्हटले, तर ते भ्याडपण नव्हे आणि आत्मघातही नव्हे. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आहे. दोघांच्या प्रतिमा संगणकावर तंतोतंत सारख्या निघाल्या, तरी दोघांची योग्य उत्तरे भिन्न असू शकतात.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना, ते शुद्धीवर आणि स्वस्थ असतानाच, कसे जगावयाचे आहे हे विचारून ठेवावे. असे विचारणे आपल्याकडे अशुभ मानतात. परंतु रुग्णालयाच्या दारात, हातात अहवाल घेऊन, त्यांच्या वतीने अंदाज बांधीत बसण्यापेक्षा हे अशुभ पुष्कळ सोसण्याजोगे आहे.